आईच्या रेडिओचं टिचबटण

मंगळवारी सकाळी वर्ध्यात आर्वी नाक्यावर गेलो होतो, आईचा रेडिओ पिशवीत घेऊन. रेडिओ ठणठणीत आहे... तुटलं होतं ते त्याच्या चामडी कव्हरचं टिचबटण.

ज्यांनी ट्रान्झिस्टरचा काळ पाहिला त्यांना आठवेल. तपकिरी चामड्याचं कव्हर, पुढे बारीक भोकांची जाळी, खांद्याला अडकवायचा पट्टा आणि मागची पट्टी बंद करायला एक टिचबटण. बाबा पुलगावला गिरणीत होते तेव्हा हा रेडिओ घरी आला. आवाज लहानमोठा कोणीही करावा, पण मागची पट्टी उघडून सेल बदलायचा अधिकार फक्त आईचा... बाबांचाही नाही.

बोलायला मी या रेडिओसमोर शिकलो. बातम्या संपल्या की गोठ्यात जाऊन त्याच थाटात म्हशींना त्या पुन्हा सांगायचो. पुढे आयुष्य माईकसमोर गेलं, वाद घातले, सभा पेटवल्या... पण म्हशींइतके सोशिक श्रोते पुन्हा मिळाले नाहीत.

आई आता सिंदी मेघेला माझ्याकडे असते. डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. आंघोळीला धरून न्यावं लागतं, ताट पुढे आणून द्यावं लागतं. रेडिओ तेवढा तिच्या स्वतःच्या हातातला होता... चाचपून लावायचा, चाचपून बंद करायचा, सेल संपले की आपले आपण बदलायचे.

त्या रेडिओची आतली झाकणी कधीच तुटली आहे, त्यामुळे सेल धरून ठेवते ती कव्हरची ही पट्टीच. बटण गेलं आणि सेल घरंगळायला लागले. मी रबरबँड लावून दिलं, पण ते तिला काढता येईना. दर वेळी सुनेला हाक मारावी लागायची. चार दिवसांनी तिने हाक मारणंच सोडलं... आणि रेडिओ ऐकणंही.

"राहू दे," म्हणाली. "लय आयकला जन्मभर."

मला ते फार लागलं. नागपूरला एका कार्यक्रमाला गेलो होतो, तिथून नवी टिचबटणं घेऊन आलो. पितळी, जाड, दुकानात होती त्यातली सर्वात मजबूत. वस्तू टिकली पाहिजे, दुरुस्त झाली पाहिजे, फेकाफेकीची ही संस्कृती गाडली पाहिजे, असं मी इतक्या व्यासपीठांवरून सांगितलंय की नाजूक बटण मागायला जीभच वळली नसती.

नाक्यावर वामनभाऊ बसतात. चपला, बॅगा, पट्टे... चामड्याचं जे असेल ते. त्यांनी माझं बटण चिमटीत धरून उन्हात पाहिलं.

"सर, हे तं मोटरसायकलच्या बॅगेचं हाय."

मी म्हटलं, पक्कं हवं, पुन्हा वीस वर्षं पाहायला नको. मग टिकाऊपणावर मी जे बोलायला लागलो ते बाजूच्या पानवाल्यानेही हातातलं काम थांबवून ऐकलं. वामनभाऊंचा टाका काही थांबला नाही.

"झालं काय भाषन? मंग आता इकडं पाहा."

त्यांनी कव्हरसारखाच एक जुना, वाळका तुकडा काढला. त्यावर माझं बटण बसवलं, टच्च बंद केलं आणि माझ्या हातात दिलं... उघडा. मी जोर लावला. बटण जागचं हललं नाही, त्याच्याभोवतीचं चामडं मात्र टरकन फाटून हातात आलं.

"बटन राह्यलं, चामडं गेलं. जुन्या चामड्याले बटन त्याच्याहून नरम पाह्यजे, सर. उघडते कोन हे?"

"आई."

"किती वर्साच्या?"

"नव्वदीला आली."

"मंग तुमी तुमच्या हाताचं बटन काऊन आनलं?"

भल्याभल्यांना मी भर सभेत निरुत्तर केलं आहे. इथे रस्त्याकडेच्या पेटीवर बसून माझं पितळी बटण खिशात घातलं...

वामनभाऊंनी डबा उपडा केला. जुन्या पर्सची, पाकिटांची बटणं. एकेक जोडी लावून माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "डाव्या करंगळीनं उघडा." पहिली जोडी उघडेना, दुसरी नुसत्या हलण्याने सुटली. तिसरी करंगळीने उघडली आणि उलटी धरून झटकली तरी टिकली.

आता बसवायचं. पट्टी जेमतेम दोन बोटं रुंद, भोक तेच जुनं. ठोका चुकला तर दुसरं भोक पाडायला जागाच नव्हती. वापरून चामडं इतकं पातळ झालेलं की बटणाची नळी त्यात डुगडुगत होती. वामनभाऊंनी आतून मऊ चामड्याची छोटी चकती घातली, कव्हर मला घट्ट धरायला लावलं आणि बटणावर लोखंडी ठोकणी उभी धरून तिच्यावर हातोडीने हलके हलके ठोके दिले, प्रत्येक ठोक्याला ती थोडी फिरवत. मी न राहवून म्हटलं, एकच जोरात द्या की. "एका दनक्यात नळी वाकडी होते," ते म्हणाले. "तुमी नुसतं धरा."

मी धरलं. श्वाससुद्धा धरला...

घरी येऊन रेडिओ आईच्या मांडीवर ठेवला. तिने बटणावरून अंगठा फिरवला, नख लावलं. टच्च. बंद केलं, पुन्हा उघडलं. "हे आपलं जुनं नाई," म्हणाली. "त्याच्याहून गुनी हाय." मग मला म्हणाली, "तू जाय आता. उभा काऊन हायेस?"

वामनभाऊंकडे साधा फोन आहे, ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून उद्या नाक्यावर जाऊन समक्ष सांगणार आहे... की आईने काल दिवसभरात चार वेळा सेल बदलले. गरज एकदाही नव्हती.