मालक आल्याशिवाय

एका वर्षात मी माझ्या खोलीची किल्ली तीनदा हरवली. तिन्ही वेळा खालच्या दुकानातले कुलूपकाका वर आले. आधी मला घरमालकांना बोलावून आणायला लावायचे, मगच कुलपाला हात. मी इथंच राहतो हो, असं मी कळवळून सांगायचो. राहतोस, पण घर तुझं नाही, एवढंच उत्तर. अशी आमची मैत्री झाली.

मालक समोर असल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. त्या नेमापायीच त्यांचा उजवा हात अधू झाला. दोन माणसं आली. एका बंद घराचं कुलूप उघडून हवं होतं. काका म्हणाले, मालकाला आणा. त्यांनी काकांचा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि वरून शटर ओढलं.

माणसं पकडली गेली. पण त्यांच्याकडून काय मिळणार? गुन्ह्यात जखमी झालेल्याला सरकार भरपाई देतं, ही माहिती काकूंनी शोधून काढली. त्या पैशात किल्ल्या कापायचं यंत्र येणार होतं. यंत्राला शाबूत बोटं लागत नाहीत. यंत्र आलं तर दुकान चालणार, नाही तर विकावं लागणार.

अर्ज मी लिहिला. साहित्यातल्या पदवीचा हा पहिला उपयोग. 'त्यांची बोटं मुकी झाली आहेत' हे वाक्य मला फार आवडलं होतं. काकांनी ते खोडायला लावलं. "मुकी कसली? दिवसभर बोंबलतात."

डॉक्टरांच्या कागदावर मात्र 'हाताची हालचाल समाधानकारक' असं होतं. म्हणून सुनावणीला निघताना काकूंनी बजावलं, तिथं जाऊन हात दाखवून अवलक्षण करू नका.

कार्यालयात पोचलो, तर काकांची फाइल लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली गायब. कारकुनाने अर्जदाराचा धंदा वाचला होता. तो आशेने काकांकडे बघू लागला.

"कपाट कुणाचं?" काकांनी विचारलं.

"सरकारचं."

"मग सरकारला बोलवा."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे. शेवटी सुनावणी घेणाऱ्या बाई स्वतःच बाहेर आल्या. जबाबदार मी, उघडा, म्हणाल्या.

काकांनी खिशातून तारेचे बारीक आकडे काढले. काकूंनी कपाळाला हात लावला. उजव्या हातातून आकडा पडला. उचलला. पुन्हा पडला. डावा हात मदतीला आला. हळूहळू सगळं कार्यालय जमा झालं. बाई जागच्या हलल्या नाहीत. सत्तेचाळीस मिनिटांनी खट्ट झालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काका लाजले. पूर्वी मिनिटभराचं काम होतं हे, म्हणाले.

काकूंचा चेहरा उतरला. कपाट उघडलं, म्हणजे हात चालतो. बाईंनी फाइल काढली. डॉक्टरांचा कागद वाचला. घड्याळ पाहिलं.

"मिनिटाच्या कामाला सत्तेचाळीस मिनिटं. आकडा अकरा वेळा पडला, मी मोजलंय. याला समाधानकारक म्हणत नाहीत." आणि उभ्या उभ्याच त्यांनी ते तसं लिहून काढलं. एकही विशेषण नव्हतं. मी अजून त्या परिच्छेदातून सावरलेलो नाही.

दोन महिन्यांनी यंत्र आलं. काकूंनी शटरला पिवळाजर्द रंग दिला. पहिलं गिऱ्हाईक म्हणून तो कारकूनच दारात उभा. कपाटाला नवं कुलूप बसवलं होतं, त्याची जोडकिल्ली हवी होती.

काकांचा हात यंत्राच्या बटणापाशी थांबला. "मालक?"

कारकुनाने मुकाट्याने खिशातून पत्र काढलं. बाईंची सही, खाली गोल शिक्का. काकांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

"बघ," म्हणाले, "असं लिहावं."

काकू खो खो हसत सुटल्या. काकांनी अंगठ्याने बटण दाबलं.