जागा हरवलेला टेकू

मांजर आडवं गेलं तर मी मुद्दाम पुढे जाणारा माणूस. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही… मीही हसलोच असतो.

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीचे दिवस. आमचं ऑफिस दोहात, मुशैरिबला, साइट शहराबाहेर अल दुहैलच्या पुढे — जुन्या शेतवाडीतलं खजुराचं आणि चाऱ्याचं कोठार. सगळा सांगाडा सागाचा. हेरिटेज म्हणून संरक्षित, पण नव्या रस्त्याच्या आड येत होतं. म्हणून सुटं करून शंभर पावलं मागे पुन्हा उभं करायचं ठरलं. अट एकच — जुनं एकही लाकूड वगळायचं नाही.

सुट्या लाकडांवर नंबर घालायचं काम माझं. मी शहाण्याने साधा मार्कर वापरला! दोहाच्या उन्हात महिन्याभरात शाई गायब. माझी पाचावर धारण बसली. नोकरी गेली की व्हिसा, पोरीची शाळा, सगळंच खलास.

मला सावरलं ते आमच्या सुतारांनी, रत्नागिरीच्या युसुफभाईंनी. खाचा बघत, लाकडांवर हात फिरवत त्यांनी सांगाडा उभा केला. उरला एक हातभर लांबीचा तिरका टेकू. तेवढ्यात त्यांची आई आजारी पडली आणि ते गावी गेले. इन्स्पेक्शन दुसऱ्या दिवशी सकाळी!

दुपारी चारला त्यांना फोन केला.

"साहेब, तिथं कोपऱ्यात एक म्हातारा बसतो. मी त्याला इचारूनच लावायचो. तुमी पन इचारा."

"युसुफभाई, तिथं कुणीच नसतं. आत्ता थट्टा नको हो!"

"थट्टा नाय. चांगला मानूस हाय. फक्त आदरानं इचारा."

कामगार बसकडे गेले होते. मी एकटाच. लाज वाटत होती, तरी टेकू छातीशी धरून रिकाम्या कोपऱ्याला म्हणालो, "बाबा, हा कुठला हो? माझी चूक झाली."

टक्, टक्, टक्. डोक्यावरच्या तुळईतून. उन्हाने लाकूड वाजतं, एवढं इंजिनिअरला कळतं. पुन्हा विचारलं. पुन्हा तीनच, आणि तिथूनच. शिडी लावून चढलो, तर सुटं करताना पडलेल्या जुन्या गाऱ्याने बुजलेली एक खाच. खरवडली… टेकू अलगद आत बसला.

भीती वाटली नाही. वडील गेल्यापासून 'असू दे रे, होतं असं' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. त्या शिडीवर ढसाढसा रडलो मी.

इन्स्पेक्शन पास झालं. स्पष्टीकरण आजही नाही. उतरताना तुळईवर हात ठेवून 'शुक्रन', म्हणजे आभार, म्हणालो, ते त्याच्या अरबी भाषेत होतं. पण चूक कबूल केली ती मराठीत… ती त्याला कशी समजली?