सुशिलामामींची कोंबड्यांची परीक्षा

गोंदियाजवळच्या गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या सुशिलामामींनी आयुष्यात अन्नाचा कण वाया घालवला नाही, असं लोक कौतुकानं सांगतात. खरं आहे. त्या फेकत नाहीत, दुसऱ्याच्या पदरात घालतात.

पावसाळ्यात तांदूळ बुरसला की मामी आधी मूठभर कोंबड्यांना टाकत. आठवडाभर कोंबड्या जगल्या की तांदूळ पास. मग तो धुऊन, वाळवून पार्वताबाईला मजुरी म्हणून जाई. ती वीस वर्षं मामींच्या शेतात रोवणी-कापणी करत होती. घरात मात्र चांगला तांदूळ शिजे. मीही तोच खाल्ला, दोनदा मागून.

मी गोंदियात रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. पार्वताबाईचं रक्त माझ्याच हातून गेलं. जुनी कावीळ अंगात मुरलेली आणि आता यकृत पार बिघडलेलं. डॉक्टरांनी माझ्यासमोरच तिला विचारलं, बुरशीचं धान्य खाता का? ती माझ्याकडे बघत बसली.

मी तडक मामींकडे गेलो. त्यांना समजावलं, की यकृताच्या पेशीभोवती पातळ, तेलकट पडदा असतो. पाण्यात विरघळणारी पुष्कळ विषं तिथंच अडतात. बुरशीचं विष तेलाच्या जातीचं, त्याला तो पडदा अडवतच नाही. आत शिरलं की पेशीच त्याला आणखी जहाल करते. ते शिजवून मरत नाही. कोंबडी तगते, कावीळ मुरलेला माणूस तगत नाही.

"तिले चांगला तांदूळ द्या मामी, अजून टाइम आहे."

"कोंबड्या टुणटुणीत फिरून राहिल्या. तिलेच काऊन होते मंग? तिचा पडदा रेशमाचा आहे का?"

आणि मला, शिकलेल्या गाढवाला, हसू आलं. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

पार्वताबाईलाही पडद्याचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, तो तांदूळ फेकून दे. ती म्हणाली, "फेकीन बाबू. मंग तुहा पडदा शिजवू का?"

दिवाळीआधी ती गेली. पोट पाण्यानं फुगलेलं, डोळे हळदीसारखे. मामी मयतीला आल्या, रडल्या. खरंच रडल्या, तेच मला सहन होत नाही. निघताना त्यांनी अंगणात तिची सून मोनाली हिला जवळ बोलावलं.

"कापणी अंगावर आली पोरी. आठ दिवसानं येजो."

मोनालीनं डोळे पुसले. "येतो बाई. तांदूळ थोडा आगाऊ भेटन का?"