सिंगापुरात आधी मी जेवले

सिंगापूरला जायचं ठरलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तिकडून काय आणायचं ते सांगितलं. तिकडे मी काय खाणार, हे कोणी विचारलं नाही. ह्यांच्या अंबडच्या कारखान्याने जुन्या कामगारांची बायकांसकट सहल काढली होती. नाशिकला सिडकोतल्या घरून निघताना सासूबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि बाहेरचं काही खाऊ नको म्हणून बजावलं. मला बजावलं, ह्यांना नाही.

तिसऱ्या दिवशी सगळी मंडळी पक्षी बघायला निघाली. पक्षी आमच्या नांदूरमध्यमेश्वरला ढिगाने येतात, आज आम्ही दोघं आपापले फिरणार, असं मी सहलीच्या व्यवस्थापकांना सांगून टाकलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. हे गोंधळले, पण आले.

चिनी वस्तीत दुकानांपुढे लांबच लांब पडव्या आहेत, त्यामुळे ऊन लागत नाही. सुके मासे, कागदी कंदील, रेशमी पंखे बघत आम्ही रमतगमत चाललो. एका दारात जाळीच्या पोत्यात कांदा दिसला. माझं माहेर लासलगावजवळचं, हात गेलाच. कांदा मऊ पडला होता. असला माल आमच्या मार्केटात कोणी बघणारही नाही, असं मी मराठीतच सुनावलं. दुकानदार छान हसला.

भूक लागली तेव्हा आम्ही हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली खाण्याच्या खूप टपऱ्या) शिरलो. एका वयस्कर चिनी बाईकडून लक्सा (नारळाच्या दुधातल्या तिखट शेवया, वर कोळंबी) घेतला. दोन वाडगे समोर आले. वाफेचा असा वास सुटला होता की काय सांगू. हे जेवू लागले आणि मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. ह्यांना काय हवं-नको ते बघत.

आमच्या घरी आधी पुरुष जेवतात, मग मुलं. उरल्यासुरल्यावर आम्ही जावा बसतो. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्याबरोबर एकदाही जेवले नव्हते आणि तिथे, परक्या मुलखात, माझा हात वाडग्याकडे जाईना.

बाई टपरीतून बघत होती. ती आली. "नो नाइस?" तिने विचारलं. तसं नाही, अशी मी मान हलवली. तिने ह्यांचा रिकामा वाडगा पाहिला, माझा गारठलेला पाहिला. माझा उचलून नेला, नवा गरम आणला आणि चमचा माझ्या हातात देऊन तिथेच उभी राहिली.

हे खाली मान घालून हळूच म्हणाले, "अगं, खा की. मला हात आहेत."

मला भयंकर राग आला. त्या बाईचा नाही, ह्यांचाही नाही. इतकी वर्षं गार खाल्लेल्या प्रत्येक घासाचा आला. मी वाडगा तळापर्यंत संपवला. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाने नव्हे.

मग दिवसभर मी आधी खाल्लं. काड्यांवर भाजलेलं साते (मसालेदार मांसाचे तुकडे) आधी मी, बर्फाचा गोड चुरा आधी मी. हे थांबत होते, आणि त्यांना त्याची गंमतही वाटू लागली होती. बाजारात मी स्वतःसाठी कापडी बूट घेतले आणि दुकानातच साडीखाली चढवले.

"घरी काय म्हणतील?" ह्यांनी विचारलं.

"घरचं घरी बघू."

नाशिकला पोहोचलो त्या दुपारी सगळ्यांनी आपापल्या भेटी उघडून पाहिल्या. मग पुरुषांची पानं मांडली गेली. मी भाताचं आणि काळ्या मसाल्याच्या आमटीचं अशी दोन्ही पातेली मध्ये ठेवली आणि ह्यांच्या शेजारी माझं ताट मांडून बसले.

"मंग वाढायचं कोनी?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

"पातेली मध्ये आहेत. ज्याला हवं त्याने घ्यावं. तुम्हीही बसा."

त्या बसल्या नाहीत. सासरे हात न लावता पातेल्यांकडे बघत राहिले. भात गरम होता, मी जेवत राहिले.