पडद्यामागचे सात सूर

ट्रंपेट कसा धरायचा ते पिपाणीला तिच्या वडिलांनी शिकवलं. ते पोलीस बँडमध्ये होते आणि लेकीला पिपाणी म्हणायला सुरुवातही त्यांनीच केली. त्यांची शिकवण एकच: डोळे मीट, कान उघड, शेजारच्याचं ऐक आणि मग फुंक. एवढ्या शिदोरीवर पोरीने बक्षिसं मारली, परदेशातल्या संगीत विद्यालयात वर्षभरासाठी पाहुणी विद्यार्थिनी म्हणून जागा मिळवली, आणि तिथे गेल्यावर तिची पुरती फजिती झाली.

विद्यालयाचा नियम असा, की पाहुण्याने शहरातल्या एका ऑपेराचे सगळे प्रयोग वाजवायचे, तरच वर्ष पदरात पडणार. पिपाणीच्या वाट्याला आले बारा प्रयोग आणि प्रत्येकात सात सूर. अख्ख्या तीन तासांत सात! तेही रंगमंचामागच्या बोळात, सामानाच्या लिफ्टशेजारी उभं राहून. गोष्टीतला कैदी फासावर चढतो, जल्लाद दोर ओढणार तेवढ्यात दुरून माफीचा ट्रंपेट वाजतो आणि सगळे थबकतात. यात काय मोठंसं, असं तिला वाटलं होतं. पण तालमीत दर वेळी तिची माफी पोहोचेपर्यंत कैद्याचा निकाल लागलेला असायचा.

तिथला कंडक्टर वाद्यवृंदापुढे छडी फिरवणारा, तिकिटं फाडणारा नव्हे. पण चिडल्यावर दोघांत फारसा फरक नसतो. शेवटच्या तालमीनंतर त्याने सगळ्या वादकांदेखत सुनावलं, "उद्या पहिला प्रयोग. उद्याही उशीर झाला, तर परवापासून हे सूर आमचा माणूस वाजवेल."

पिपाणी बोळातल्या खोक्यावर जाऊन बसली. पडद्याच्या दोऱ्या सांभाळणाऱ्या बाई तिथेच होत्या. तीस वर्षं त्या बोळात काढलेली बाई, भीडभाड कसली ती ठेवणार!

"डोळे मिटून का वाजवतेस गं?"

"ऐकू नीट येतं म्हणून."

"तिथेच तर घोळ आहे! वाद्यांचा आवाज इथे येईस्तोवर शिळा होतो. तो ऐकून तू वाजवणार, मग तुझा आवाज तेवढाच रस्ता तुडवत बाहेर जाणार. तो भिंतीवरचा टीव्ही बघ. त्यात छडी दिसते. छडी खाली आली की वाजव. कानाला चुकल्यासारखं वाटेल. वाटू दे."

वाटू दे म्हणायला काय जातं? लहानपणापासून अंगात मुरलेली सवय अशी एका दिवसात जाते होय? दुसऱ्या दिवशी दुपारी तिने घरी फोन लावला.

"बाबा, इथे म्हणतात, कानावर विसंबू नकोस."

बाबांना लागलं की काय, म्हणून तिने घाईने विचारलं,

"बाबा, रागावलात?"

"अगं नाही, विचार करतोय. आम्ही मैदानात खांद्याला खांदा लावून वाजवायचो. भिंतीआडून मी कधी वाजवलंय? त्या बाई सांगतात तसं कर. माझं ऐकून तिथे नापास होऊ नकोस."

तिचं निम्मं ओझं तिथेच उतरलं.

प्रयोगात ती डोळे फाडून टीव्हीकडे बघत राहिली. छडी खाली आली. कान ओरडत होता, थांब, घाई होतेय. पण तिने त्याला जुमानलं नाही. सातही सूर वाजवून टाकले.

आणि मग काहीच नाही. बरोबर आलं की चुकलं, हे बोळात कळणार कसं? बाई दोऱ्यांत गुंतलेल्या. वाद्यवृंद आपला पुढे चाललेला. पिपाणी ट्रंपेट छातीशी धरून दाराकडे बघत राहिली.

बऱ्याच वेळाने दार ढकलून कैदी आत आला. धिप्पाड गायक, घामाने निथळत होता, गळ्यात दोर तसाच. तालमींत त्याने तिच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता मात्र सरळ तिच्यापुढे येऊन त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"वाचलो गं बाई! आज पहिल्यांदा फाशीवरून जिवंत उतरलो."

परदेशात पाऊल टाकल्यापासून इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. ती हसायला लागली आणि हसता हसता घळाघळा रडू लागली.

"अगं, रडतेस काय?" तो गळ्यातला दोर सोडवत म्हणाला. "अजून अकरा वेळा वाचवायचंय मला."