कांकण बांधलेला गोलकीपर

माह्या पायगुणानं गोल झाला, असं अख्खं नाचणगाव म्हणत होतं.

अन् लग्नाले एकच दिवस झाला होता.

आज आमच्या यायले, माह्या मालकाले, जाऊन वर्ष झालं. मी शिकली दुसरीपर्यंत. फोनमधी बोलते, तो लिहिते. चुकलं तं फोनले बोलजा, मले नाई.

माही नात श्रुती सावंगीले कॉलेजात आहे. पोरींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर झाली! मले तं इतका आनंद झाला का गल्लीभर साखर वाटली. डॉक्टरनं मले साखर बंद केली आहे, तरी एक चिमूट खाल्ली.

परवा व्हिडिओ कॉलवर हातमोजे दाखवू राह्यली.

"आजी, गुलाबी घेऊ का निळे?"

"रंग काय पाहतं वं? मनगट पाह्य. तिथं आवळले पाहिजे. बोटाच्या टोकाशी थोडी जागा, बस. ढिल्ला मोजा काही कामाचा नाई."

"तुले कसं माहीत?"

आता काय सांगू तिले? कान गरम झाले माहे. भाजी करपते म्हटलं अन् फोन ठेवला.

तिच्यासमोर नाई जमलं, इथं सांगते.

पंचावन्न-छप्पन साल असंल. माघातलं लग्न. हे गावच्या टीमचे गोलकीपर. तवा बरेच जण उघड्या हातानंच खेळत. पण यायचं एक बोट मोडून जुळलेलं, मोज्याबिगर बॉल झोंबे.

कप्तान बाळाभाऊनं नागपूरहून मोजे आणले. कॅनव्हासचे, आतून चामडं. एकदम फिट्ट.

पण लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी हिंगणघाटवाल्यासंगं मॅच, अन् यायच्या मनगटाले लग्नाचं कांकण. हळदीच्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड. त्याच्यावरून मोजा चढेच ना.

कांकण नवरीनंच सोडायचं असते. मारुतीपाशी, अन् तेही एका हातानं. ते होतं मॅचच्या दुसऱ्या दिवशी.

"काप ना रे तो दोरा!" बाळाभाऊ म्हणे.

सासूबाई दारातूनच कडाडल्या, "कापून तं पाह्य! काल पोरगी घरात आली अन् आज कांकण कापतं?"

मंग मामंजींचे लोकरीचे मोजे घातले. मामंजी रातपाळीचे चौकीदार, पंजा हा एवढा मोठा.

हिंगणघाटवाल्याचा साधा बॉल आला. यायनं धरलाही.

बॉल मोज्यासकट गोलात गेला.

मॅच बरोबरीत सुटली, म्हणून उद्या पुन्हा खेळायचं ठरलं. पण मोज्याचं कोनीच बोललं नाई. नवरी पाहाले आलेल्या बाया माह्या तोंडासमोर म्हणत, "पांढऱ्या पायाची दिसते वं."

सासूबाई गप्प. ते जास्त लागलं. वाटलं, आता आपल्याले माहेरी धाडतात.

दुसऱ्या दिवशी देवदर्शन. मारुती ग्राउंडच्या कडेलेच. सासूबाईचं म्हणणं, कांकण मॅच झाल्यावर सोडा. हे म्हणे, "आत्ता."

मी एका हातानं सोडू राह्यली. हळदीनं अन् घामानं गाठ दगडासारखी झालेली. सारी माणसं पाहून राह्यली.

पोट्टे ओरडत, "वहिनी, लवकर! हिंगणघाटवाले म्हातारे होऊन राह्यले!"

तवा हे हळूच म्हणाले, "दातानं सोड."

लग्न झाल्यापासून माह्याशी बोललेला हा पहिला शब्द. दातानं सोड!

व माय. सासरा उभा, गाव उभं. समोर मारुती, तोही ब्रह्मचारी. अन् मी नवऱ्याचं मनगट तोंडात धरलं.

जमीन पोटात घेईल तं बरं, असं झालं.

गाठ सुटली. मोजे चढले. फिट्ट.

अन् यायनं तीन गोल खाल्ले.

फिट्ट मोज्यानं. तीन!

मी पदरातून काय पाहणार? नुसता हिंगणघाटवाल्याचा गलका ऐकू ये. प्रत्येक गलक्याले मी आणखी खाली वाकत गेली. मनातल्या मनात माहेरची पेटीही भरून झाली माही.

मॅच संपली. हे धुळीनं भरलेले, सरळ बायांच्या घोळक्यासमोर आले. दोन्ही पंजे वर केले.

"पाहून घ्या. आज कांकण नाई. मोजे नागपूरचे. हे तिन्ही गोल माहे आहेत. कालचाही माहाच. आता हिच्या पायाचं नाव कोनं काढलं तं माह्याशी गाठ आहे."



सासूबाईनं माहा हात धरला. "चाल घरी. उभी काऊन?"

त्यानंतर पायगुण हा शब्द त्या घरात निघाला नाई.

हरलेला माणूस मान वर करून पुढं चालला होता. मागून मी. यायच्या पाठीकडं पाहाचीही लाज वाटू राह्यली मले. लाज, अन् अजून काहीतरी. ते काय होतं, त्याचं नाव मले अजून येत नाई.

शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली लिहितात सगळे. यायच्यासमोर इतके मोठे शब्द माह्या तोंडातून कधी निघाले नाई, आजही निघत नाई.

पाया पडते जी. सुखात राहजा.