मेव्हण्याच्या वरचा नंबर

चाकणच्या एका स्प्रिंग बनवणाऱ्या शेठची जुनी वेबसाइट नवी करायचं काम मी घेतलं, तेव्हा ती लग्नाच्या फ्लेक्ससारखी दिसायची. पिवळ्यावर लाल अक्षरं, खाली पळती ओळ. पण गूगलवर चाकणची स्प्रिंग शोधली की पहिला नंबर हिचाच. दुसरा शेठच्या मेव्हण्याचा. तो आधी शेठच्याच कारखान्यात होता. मग भांडून बाहेर पडला आणि पलीकडच्या गाळ्यात त्यानं तोच धंदा मांडला.

"काय बी करा सायेब," शेठनी मला बजावलं, "पर पाव्हणं माज्या खालीच ऱ्हायला पायजेत. गिऱ्हाइकाचे फोन सगळे त्या गूगलवरनंच येत्यात."

मी नुसता हसलो. पिंपळे सौदागरच्या बाल्कनीत बसून काम करणाऱ्या माणसाला जेवढा आत्मविश्वास असावा, त्याहून मला जरा जास्तच होता. जुन्या साइटवर प्रत्येक स्प्रिंगचं पान कुणीतरी हातानं लिहिलेलं. भाव बदलला की पुन्हा पान उघडून दुरुस्ती. मी सगळा माल एका डेटाबेसमध्ये भरला आणि गावंढळ वाटलेला जुना मजकूर कापून टाकला. आता पानं आपोआप तयार होणार आणि शेठ मोबाइलवरून स्वतः भाव बदलणार.

उद्घाटन खंडेनवमीला. पूजेला मांडलेल्या मशीनच्या रांगेत माझा लॅपटॉपही बसला. शेठच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, त्याला इतक्या सढळ हातानं हळदकुंकू वाहिलं की स्पेसबार अजून अडकतो. नारळ फुटला. शेठ म्हणाले, "आता जुनं काढा. नव्याच्या पूजेत जुनं समोर नगं." मीही भक्तिभावानं जुन्या साइटचं अख्खं फोल्डर उडवलं. टाळ्या पडल्या. पेढा खायला आलेल्या मेव्हण्यानंही वाजवल्या.

गूगलला मात्र जुन्या पानांचेच पत्ते पाठ होते. तिकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाला आता 'पान सापडलं नाही' एवढंच दिसायचं. दिवाळीपर्यंत आमची साइट इतकी खाली गेली की शोधता शोधता माझा अंगठा दुखायला लागला. पहिल्या नंबरावर मेव्हणा. त्यानं शेठना सुक्या मेव्याचा डबा पाठवला आणि वर फोन केला, "दाजी, तुमची गिऱ्हाइकं माज्याकडं यायलीत. तुमचा पत्ता सांगू का त्यास्नी?"

शेठनी मला बोलावून टेबलावरचा मोबाइल दाखवला. "रेंज हाय. चार्जिंग हाय. वाजत न्हाई."

"सर्व्हरचा प्रॉब्लेम दिसतोय," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हे वाक्य आधी तोंडातून निघतं, डोकं मागाहून चालतं.

घरी येऊन मी घाईघाईत एक हुशारी केली. सगळे जुने पत्ते नव्या साइटच्या पहिल्या पानाकडे वळवले. तिथे शेठचा फेट्यातला भलामोठा फोटो. दुसऱ्या दिवशी फोन वाजला खरा. पलीकडून एकानं विचारलं, "भाऊ, क्लचची स्प्रिंग शोधत होतो. शेठचा वाढदिवस आहे का आज?"

मग मात्र मी खाली मान घालून बसलो. होस्टिंगवाल्याच्या बॅकअपमधून जुनी पानं मिळवली, प्रत्येक जुना पत्ता त्याच स्प्रिंगच्या नव्या पानाशी जोडला आणि मुक्काम कायमचा हलल्याचं गूगलला कळेल अशी सोय केली. गावंढळ म्हणून कापून टाकलेला मजकूरही गुपचूप परत घातला. गूगल रुसलेल्या जावयासारखा हळूहळू वळला. उन्हाळ्याच्या तोंडावर एकदाचे आम्ही मेव्हण्याच्या वर सरकलो.

शेठनी अख्ख्या कारखान्याला वडापाव दिला आणि मला केबिनमध्ये नेऊन दार लावलं.

"सायेब, पाव्हण्यांची साइट बी जुनी झालीया. त्यास्नी नवी करून द्या. खर्च माजा."

मला भरून आलं. "वा शेठ! मन मोठं आहे तुमचं."

"मन ऱ्हाऊ द्या वो. फकस्त माजी पैल्यांदा जशी केली व्हती ना, अगदी तश्शीच करा."

मी नाही म्हणालो. पण माझं काम बघून कुणी 'सेम टू सेम' मागितल्याची ती आजवरची एकमेव वेळ.